अबेओकुटाची नीळ आणि माझा चुकलेला सूर

नायजेरियात, लागोसला येऊन वर्ष झालं तरी अबेओकुटा राहूनच गेलं होतं. शेवटी एका शनिवारी नवऱ्याला उठवून लागोस–इबादान रेल्वे पकडली. 157 किलोमीटरचा हा नवा मार्ग 2021 मध्ये सुरू झाला. वाटेतल्या अबेओकुटा स्टेशनाला वोले शोयिंका यांचं नाव दिलंय. 1986 चं साहित्याचं नोबेल मिळालेले शोयिंका याच गावचे. स्टेशनाला लेखकाचं नाव, म्हणजे गाव आवडायला सुरुवात तिथूनच झाली.

'अबे ओकुता' म्हणजे खडकाखाली. तो खडक म्हणजे ओलुमो. ओयोचं साम्राज्य ढासळल्यावर इथल्या योरुबा लोकांच्या मुलखात लढायांचा धुमाकूळ माजला. त्यातून जीव वाचवून निघालेले एग्बा लोक 1830 च्या सुमारास शोदेकेच्या नेतृत्वाखाली इथे आले आणि याच्या कपारीत राहिले. वाटण वाटून कातळात पडलेले खळगे अजून दिसतात. मी एकात मूठ घालून पाहिली, चांगली गुळगुळीत लागली. वरून गंजलेल्या पत्र्यांची तांबूस छपरं दिसतात, नजर पोचेल तिथपर्यंत.

खाली इटोकू बाजारात मात्र सगळं निळं. इथलं आदिरे कापड प्रसिद्ध आहे. 'आदि' म्हणजे बांधणं, 'रे' म्हणजे रंगवणं. आपली बांधणीच म्हणा ना. पण मला बघायचं होतं ते 'आदिरे एलेको'. एक आजी कोंबडीच्या पिसाने कापडावर पांढरट खळ रेखत बसल्या होत्या. खळ कसाव्याची, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याची! खळ वाळली की कापड निळीत बुडवायचं, पुन्हा पुन्हा. मग खळ खरवडून काढली की तिच्याखालची नक्षी फिकट उमटते. एका नक्षीचं नाव 'इबादानदुन', म्हणजे इबादान गोड आहे. तिच्यात तिथल्या मापो हॉलचे खांब असतात. आजींची बोटं मनगटापर्यंत निळी होती आणि भावात त्या एक नायरा खाली येईनात. याच गावच्या बाजारवाल्या बायकांनी स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या फुनमिलायो रॅन्सम-कुटींबरोबर करांविरुद्ध असं रान उठवलं होतं, की 1949 मध्ये इथल्या राजाला, आलाकेला, गादी सोडावी लागली. तिथे माझी घासाघीस काय टिकणार!

मी 'ए कू इशे' म्हटलं तेव्हा मात्र आजी खुलल्या. काम करत असलेल्या माणसाला करायचा हा नमस्कार. चालणाऱ्याला वेगळा, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्याला आणखी वेगळा. सुरुवातीचा 'ए' आपल्या 'अहो'सारखा मानाचा, मोठ्यांशी बोलताना तो गाळला की संपलंच. एवढ्यात एक तरणा पोरगा आला आणि आजींसमोर हात जमिनीला टेकवून वाकला. पुरुषांनी साष्टांग आणि बायकांनी गुडघे टेकून, अशी इथली रीत.

त्या कौतुकाने फुशारून मी बाहेर येऊन टॅक्सी शोधताना जोरात म्हटलं, 'मो न् वा ऑकॉ मी.' माझी गाडी शोधतेय. अख्खा बाजार हसत सुटला. मी नवरा शोधत होते, आणि तो माझ्या शेजारीच पिशव्या धरून उभा!

ही योरुबा भाषा तीन सुरांवर चालते. तोच 'ऑकॉ' शब्द सपाट म्हटला तर नवरा, शेवटी सूर चढवला तर कुदळ, उतरवला तर गाडी. बोलके ढोल हेच सूर वाजवतात, म्हणून ते ऐकणाऱ्याला वाक्य कळतं. आजींनी शब्द न उच्चारता नुसतं गुणगुणून दाखवलं आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं: नवरा म्हणजे रे-रे, कुदळ रे-ग, गाडी रे-सा. गाण्याच्या क्लासला घातलेले पैसे असे वसूल झाले.

स्टेशनपर्यंत मी टॅक्सीत 'रे-सा, रे-सा' घोकत बसले. नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला हाक मारताना तेवढं रे-रे म्हण, कुदळ नको."