चर्चने लग्न रद्द ठरवलं, तरी कोर्ट बाकी असतं

कॅथलिक धर्मन्यायालयाने विवाह अवैध ठरवला की दुसरं लग्न करायला मोकळे, हा समज फार महागात पडतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये सांगितलं, की चर्चचा निर्णय दिवाणी कायद्यात विवाह संपवत नाही. त्यासाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली कौटुंबिक किंवा जिल्हा न्यायालयाचाच हुकूमनामा लागतो. विवाह मुळातच रद्दबातल असेल तर कलम १८, परस्परसंमतीचा घटस्फोट हवा असेल तर कलम १०अ.

हुकूमनामा हाती आला तरी लगेच बोहल्यावर चढू नका. कलम ५७ प्रमाणे अपिलाची मुदत संपू द्या. अपील झालंच तर ते फेटाळलं जाईपर्यंत थांबा. घाईत केलेलं दुसरं लग्न द्विभार्या गुन्ह्यात अडकवू शकतं, शिक्षा सात वर्षांपर्यंत. धर्मगुरूंनीही बान (चर्चमधली लग्नाची जाहीर घोषणा) वाचण्याआधी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत मागावी. ही मागणी अविश्वास नव्हे, दोन कुटुंबांची काळजी आहे.