कागदावर सगळे 'आर' फेजवर

शंभर केव्हीएचा एक डीपी, म्हणजे गल्लीतला वीज ट्रान्सफॉर्मर, त्याखाली ६८ ग्राहक, सगळ्यांकडे स्मार्ट मीटर. दर १५ मिनिटांचं व्होल्टेज आणि युनिट हाती येणार म्हटल्यावर मी साहेबांना सांगून बसलो, दोन आठवड्यांत स्टेट एस्टिमेशन चालू करतो. चार महिने गेले.

जिथं मीटर नाही तिथलं व्होल्टेज, करंट बाकीच्या आकड्यांवरून काढायचा, एवढंच हे गणित. उच्चदाब ग्रिडसाठी ते १९७० च्या सुमारास मांडलं गेलं, आणि तिथं कुठली तार कुठं जाते हे पक्कं ठाऊक असतं. इथं डीपीतून आर, वाय, बी अशा तीन फेजच्या तारा निघतात आणि सिंगल फेज घर त्यातल्या एकीवर असतं. आमच्या नोंदीत मात्र सगळे सिंगल फेज ग्राहक 'आर'वर! फॉर्ममध्ये पहिला पर्याय तोच असावा. या डीपीला एका फेजवर १३३ अँपिअर झेपतो; नोंद खरी असती तर तो केव्हाच जळाला असता.

मग डीपीच्या मीटरवरच्या तिन्ही फेजचे आलेख काढले आणि प्रत्येक घराचं व्होल्टेज कोणत्या फेजबरोबर खाली-वर होतं ते पाहिलं. ५५ घरांचा फेज लागला. काही मीटरांची घड्याळंच मागे होती, ती सरकवल्यावर आणखी सात. उरलेल्या सहांसाठी लाइनमन मामांना शिडीवर चढवलं. "साहेब, ही दोन घरं पावसाळ्यात मीच वायवरून बीवर घेतली," ते वरूनच म्हणाले. आधी विचारलं असतं तर!

तरी शेवटच्या खांबावरचं एक घर जुळेना. गणित म्हणे २२४ व्होल्ट, मीटर म्हणे २४९. मीटर बिघडलाय असं धरून मी गणितात त्याच्या आकड्याचं वजन कमी करत गेलो. तीन दिवस वाया. मग शेजारच्या 'आर'वरच्या घराकडे लक्ष गेलं: संध्याकाळी तिथं २०३, आणि त्याच वेळी इकडे २४९. २३० च्या सहा टक्के खाली-वर चालतं, म्हणजे २१६ ते २४४. इथं दोघेही बाहेर. एक चढतं तेव्हा दुसरं उतरतं, म्हणजे न्यूट्रल (तिन्ही फेजची सामायिक परतीची तार) ढिला.

मामांनी खांबावरच्या न्यूट्रलच्या जोडाला हात लावला तर तो गंजून सुटायलाच आला होता. नवा जोड मारला आणि दोन्ही घरं २२५ च्या आसपास आली.

२४९ वाल्या काकूंचे एलईडी बल्ब महिन्या-दोन महिन्यांनी उडायचे. कारण सांगितलं तर म्हणाल्या, "अगंबाई, मी त्या बल्बवाल्याला नाही नाही ते बोलून आले की!"