तुम्ही विचारलंत म्हणून: वाचनालयाच्या ग्रुपवर सभासदांना लिहिता का येत नाही?

वाचनालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ॲडमिनशिवाय कोणालाच का लिहिता येत नाही, हे मला देवघेवीच्या खिडकीवर विचारतात तसे सीताबर्डीच्या गर्दीतही थांबवून विचारतात, आणि 'तुम्हाला आमचे ऐकायचेच नाही' असा आरोपही त्यात असतो.

ग्रुप सर्वांना खुला असावा म्हणून कार्यकारिणीशी भांडले होते ती मीच. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या 1931 च्या पंचसूत्रीतले 'वाचकाचा वेळ वाचवा' मी बैठकीत ऐकवले होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2008 मध्ये फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या जुन्या छायाचित्रांतली माणसे आणि जागा लोकांनीच ओळखून दिल्या, हा दाखलाही दिला होता. तो आजही खोटा नाही.

पुढे एका सायंकाळी एका सभासदाने घटस्फोटाच्या कायद्यावरचे पुस्तक आहे का, असे ग्रुपवर विचारले. मी उत्तर देण्याआधीच दुसऱ्याने, निव्वळ मदत म्हणून, ते अमुक ताईंच्या हातात परवा पाहिल्याचे नावानिशी लिहिले. त्या ताई ग्रुपवर होत्या आणि त्यांचे दीरही होते. मी संदेश हटवला, तर ॲडमिनने हटवल्याची ओळ तिथे उरली आणि न वाचलेल्यांचेही कुतूहल जागे झाले. कोणी काळजीने, कोणी नुसत्या चवीने 'सगळे ठीक ना?' असे विचारू लागले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाबरोबर पुस्तक परत आले, सोबत अनामत रक्कम परत मागणारी चिठ्ठी होती. ताई पुन्हा आल्या नाहीत. आमच्या कोहा या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीतल्या तालिकेत पुस्तक बाहेर असल्याचे आणि परतीची तारीख दिसते, ते कोणाकडे आहे हे वाचकाला दिसत नाही. ही खबरदारी ग्रुपवरच्या एका ओळीने निकामी केली. त्यानंतर मी ग्रुपवर लिहिणे ॲडमिनपुरतेच ठेवले.

एकाच्या उत्साहाची शिक्षा सर्वांना का, असे तुम्ही म्हणता तेव्हा मी चिडते, कारण माझ्याकडे धड उत्तर नसते. कोहातील अभिप्राय ग्रंथपालाने मंजूर केल्यावरच दिसतात म्हणून ती सोय सुरू केली, पण मंजुरीची वाट पाहत गप्पा रंगत नाहीत. मला खासगी संदेश पाठवता येतो खरा, पण त्यात वाचकाला वाचक भेटत नाही. ग्रुपचा सूचनाफलक केलास, हे तेव्हाच्या मीचे म्हणणे मला खोडता येत नाही.

आता दोन सभासदांना ॲडमिन करून ग्रुप पुन्हा खुला करावा, अशी सूचना कार्यकारिणीपुढे आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश आधी तपासता येत नाही, मागाहून हटवता येतो, एवढे मी तिथे सांगणार आहे. मत कोणत्या बाजूने द्यायचे, ते अजून ठरलेले नाही.