पश्चिम जर्मनी यादीत नाही

आधी एक गोष्ट सांगून टाकते, नंतर विसरेन. परदेशातून काचेचे जुने खडे मागवणार असाल तर विकणाऱ्याला बिलावर ‘काच’ हा शब्द ठळक लिहायला सांगा. नुसतं ‘स्टोन्स’ नको, ‘व्हिंटेज ज्वेलरी स्टोन्स’ तर अजिबात नको. त्या तीन शब्दांपायी माझं चारशे ग्रॅमचं पुडकं ३१ दिवस मुंबईत पडून होतं आणि मी इथं सांगलीत, विश्रामबागेत रोज सकाळी चहाबरोबर मोबाइलवर ‘कस्टम्सकडून माहिती अपेक्षित’ हे एकच वाक्य वाचत होते.

हे सगळं सुरू झालं आईच्या ब्रोचमुळे. आईचं घर गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा खालचा मजला गेलाच. लोखंडी कपाटाचा तळचा खण चिखलाने भरला, त्यात ती ब्रोच होती. १९६८ साली लग्नात आईच्या मामाने मुंबईहून आणलेली, पानाफुलांची, लाल-हिरव्या काचेच्या २३ खड्यांची. धुऊन पुसून काढली तर नऊ खडे काळे. वरून काच शाबूत, चरा नाही, पण आत दिवा विझल्यासारखं.

सराफ कट्ट्यावर घेऊन गेले. ते म्हणाले, “ताई, ही काच आहे. काढून एडी, म्हणजे अमेरिकन डायमंड, बसवून देतो, चकचकीत दिसेल.” आईने ब्रोच त्यांच्या हातातून परत घेतली आणि पर्समध्ये टाकली. विषय संपला. म्हणजे तिचा संपला, माझा सुरू झाला.

खडे काळे का पडले ते नंतर कळलं. या खड्यांची मागची बाजू टोकदार असते आणि तिला आरशासारखा चांदीचा पातळ लेप, वर सोनेरी रंगाचा थर. उजेड वरून आत जातो, लेपावर आपटून परत येतो, म्हणून खडा लकाकतो. कोंदणात पाणी शिरून राहिलं की लेप सुटतो, आणि लेप गेला की उरते नुसती रंगीत काच. त्यामुळे असले दागिने कधीही पाण्यात भिजवू नका. साबणाचं पाणी नको, रिठ्याचंही नको. कोरडा मऊ ब्रश, फार तर किंचित ओलसर कापड, बस. अत्तर मारायचं ते दागिना घालायच्या आधी.

खडे बसवायला मी घरीच शिकले. दोन महिने गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही, बोटं सोलली एवढंच. पण हात बसल्यावर वाटलं, नऊ खड्यांसाठी एवढा खटाटोप केलाय तर चार कुड्या, दोन अंगठ्या करून बघू. नवे खडे भुलेश्वरात पोत्याने मिळतात. मी तेही आणले. पण आईच्या ब्रोचशेजारी ठेवले की त्यांचा लाल कुंकवाच्या पाण्यासारखा दिसायचा. जुन्या काचेचा रंगच खोल. मग ठरवलं, जुनेच खडे मागवायचे, न वापरलेले, गोदामात राहून गेलेले.

मिळाले चेक देशातल्या याब्लोनेत्स गावच्या एका विक्रेत्याकडे. दहा ग्रोस घेतले. एका ग्रोसमध्ये १४४, आपल्याकडे बटणांचा हिशोब असतो तसाच. म्हणजे १,४४० खडे. चार दिवसांत पुडकं मुंबईत आलं. मी खुश. दिवाळीला अजून दोन महिने होते.

पाचव्या दिवशी कुरिअर कंपनीचा मेल: आधार, पॅन, संमतीपत्र पाठवा. पाठवलं. आठव्या दिवशी: माल नेमका काय ते कळवा. कळवलं, ‘दागिन्यांचे जुने खडे.’ इथं मी स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. दहाव्या दिवशी उलट टपाली प्रश्न: हे खडे मौल्यवान आहेत का, असल्यास मूल्यांकनाचा दाखला जोडा, आणि वस्तू वापरलेली आहे का नवी. आता न वापरलेल्या, साठ वर्षांपूर्वीच्या वस्तूला नवी म्हणायचं का जुनी? मी लिहिलं, ‘जुनी पण नवी.’ त्यावर सहा दिवस काहीच उत्तर नाही.

सांगलीच्या शाखेत गेले. काउंटरवर एक मुलगा. म्हणाला, “मॅडम, इथनं काय होत नाही. मुंबईलाच मेल करा.” म्हटलं, मेलच करतेय रोज. “मग आणि एक करा.”

शेवटी फोनवर एक मुलगी सापडली जी निदान ऐकून घेत होती. तिने सांगितलं, मूळ देशाच्या रकान्यावर अडलंय. बिल चेक देशाचं, पुडक्यातल्या सहा कागदी पाकिटांवर छापलंय ‘वेस्ट जर्मनी’, दोनांवर ऑस्ट्रिया, बाकीच्यांवर काहीच नाही.

“मग वेस्ट जर्मनी लिहा ना.”

“मॅम, तो देश यादीत नाही.”

नाहीच तो! १९९० साली दोन जर्मनी एक झाले, देश संपला, पाकिटं राहिली. मी तिला विचारलं, नसलेल्या देशातून आलेल्या मालाचं तुम्ही काय करता? ती म्हणाली, “सिस्टीम पुढे जात नाही.”

त्या रात्री मी जे केलं ते तुम्ही करू नका. मी दीड पानी मेल लिहिला. याब्लोनेत्सचं जर्मन नाव गाब्लोन्झ. तिथं पिढ्यान् पिढ्या काचेचे मणी आणि खडे होत. त्याच भागातला, म्हणजे बोहेमियातला, डॅनिएल स्वारोव्स्की काच कापायचं यंत्र काढून १८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या वॉटन्सला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन बोलणाऱ्या कारागिरांना गाब्लोन्झमधून हाकललं, त्यातले कितीतरी बव्हेरियात काउफबॉयरनजवळ येऊन वसले, वस्तीला नाव दिलं नोयगाब्लोन्झ, नवं गाब्लोन्झ. म्हणून एकाच कारागिरीचा माल तीन देशांच्या नावाने, इत्यादी. नवरा मागून वाचत होता. म्हणाला, “निबंध स्पर्धा आहे का?” मी पाठवून दिला. सकाळी उत्तर आलं. ‘प्रिय ग्राहक, कृपया मालाचे वर्णन कळवा.’

त्या दिवशी मी खरोखर रडले. लाज वाटते सांगायला, काचेच्या खड्यांसाठी रडले. आणि एवढ्यात आणखी एक शंका निघाली: १,४४० नग वैयक्तिक वापरासाठी?

सोडवलं ते ह्यांच्या मावसभावाने. ते मूळ विट्याजवळचे, खानापूर तालुक्यातले, कोइमतूरला गलाईचं दुकान. आपल्याकडची ही माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेली, त्यामुळे कागदपत्रांची भीती त्यांना नाही. गौरीला आले होते. मी दीड पान दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “वैनी, कस्टमवाल्याला इतिहास सांगायचा न्हाई, नंबर सांगायचा. परत्येक मालाला नंबर असतोय.”

काचेचे मणी, नकली मोती, नकली खडे यांचा गट ७०१८. एवढंच. मूळ देश? “ती जागा आज कुठल्या देशात हाय? जर्मनीत. मग जर्मनी.” आणि विकणार असाल तर विकणार म्हणून सांगा, आयात-निर्यात कोड काढा, लपवाछपवी नको. तो कोड ऑनलाइन निघतो, शुल्क ५०० रुपये, पॅन आणि बँक खातं लागतं. त्याचं काम इतकं सरळ झालं की त्यावर लिहायला काही नाही, आणि याचाच मला जास्त राग आला.

विक्रेत्याला विनंती केली, त्याने त्याच दिवशी नवं बिल पाठवलं: काचेचे नकली खडे, ७०१८, अमुक पाकिटं जर्मनी, अमुक ऑस्ट्रिया, अमुक चेक. चार दिवसांनी पुडकं सुटलं. मुंबईत आल्यापासून एकतिसाव्या दिवशी दारात. मी पोराला चहा पाजला, बिचाऱ्याला कळेना का.

पुडकं तपासणीत उघडलेलं होतं, परत चिकटपट्टी मारलेली. दोन पाकिटं फाटून मापं एकमेकांत मिसळलेली. ह्यांचं कुपवाड एमआयडीसीत लेथवर काम, तिथलं बारीक माप घ्यायचं व्हर्नियर घरी आलं आणि दोन संध्याकाळी मी खड्यांची मापं घेत बसले. हे माप फार महत्त्वाचं. खड्यांचे नंबर एसएसमध्ये, म्हणजे ‘स्टोन साइझ’मध्ये असतात. २९ नंबर साधारण ६.२ मिलिमीटर, ३० नंबर ६.४. डोळ्याला सारखेच. पण २९ च्या कोंदणात ३० बसत नाही आणि ३० च्या कोंदणात २९ खुळखुळतो. जोर लावून बसवायला गेलात तर कडेची कपची उडते. माझ्या चार उडाल्या.

आता हिशोब, कारण सगळ्या बायका हेच विचारतात. खडे ४,१५० रुपयांचे, पाठवणावळ १,६००, ड्यूटी आणि कंपनीचा खर्च मिळून २,८७०. बेरीज ८,६२०, भागिले १,४४०. एक खडा सहा रुपयांना पडला. आठ खड्यांच्या कुड्यांचा जोड: खडे ४८, पितळी कोंदणं आणि मागचे फिरके मिळून १८. मी १६० ला देते. एक बाई म्हणाल्या, तुळशीबागेत साठला मिळतात. मिळतात की. तिथून घ्या. पूर्वी मी असल्या वेळी भाव कमी करायचे, या ३१ दिवसांनंतर करत नाही.

१,४४० पैकी साठएक खडे मेलेलेच निघाले, लेप उडालेले. जुन्या मालात हे धरूनच चाला. आले की प्रत्येक खडा उलटा करून बघा, सोनेरी पाठ अखंड पाहिजे. मेलेले मी टाकले नाहीत, संक्रांतीच्या वाणाच्या डब्यांवर लावले, तिथं छान दिसतात. इंद्रधनुषी झाक असलेले खडे मिळाले तर ते १९५० च्या दशकाच्या मध्यानंतरचे समजा, तो मुलामा त्याआधी नव्हता. आणि जुन्या काचेत शिसं असू शकतं, लहान पोरांच्या हाती, तोंडी लागू देऊ नका.

डिंकाचं राहिलंच. शक्यतो डिंक नकोच, कोंदणाची चारही नखं समोरासमोरच्या जोडीने वाकवायची. आधी एक, मग तिच्या समोरची. शेजारची वाकवली की खडा तिरपा झालाच म्हणून समजा. वाकवताना पितळी पट्टीने दाबा, उघड्या लोखंडी पक्कडीने नको, काचेवर ओरखडा जातो. झटपट चिकटणारा डिंक तर दूरच ठेवा. त्याच्या वाफेने खड्यावर पांढरी बुरशीसारखी साय धरते, माझा एक अख्खा हार असा वाया गेला. नखं नसलेल्या जुन्या वाटीत खडा बसवायचा असेल तर दोन नळ्यांचा इपॉक्सी, टाचणीच्या टोकावर मावेल एवढा, आणि रात्रभर हात लावायचा नाही. खडा उचलायला चिमट्यापेक्षा काडीच्या टोकाला मेणाची गोळी बरी.

आईची ब्रोच सगळ्यात शेवटी केली. हात थरथरत होता. पाच हिरवे, चार लाल. हिरवे बरोबर जुळले. लाल बसवून खिडकीत धरली तर मलाही छान वाटली. आईला दिली. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तिने दोन मिनिटं बघितली आणि म्हणाली, “हा लाल तो नव्हे.”

खरंच नव्हे. मी घेतला होता ‘लाइट सायम’, तिचा होता ‘सायम’. नुसतं ‘रेड’ असं कुणी लिहीत नाही, प्रत्येक लालला वेगळं नाव, आणि विकणाऱ्याने टाकलेल्या फोटोवरून फरक कळत नाही. आपला एक खडा नमुना म्हणून दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवून, त्याचा फोटो विकणाऱ्याला पाठवून मगच मागवा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती ब्रोच आई लावते. भाच्याच्या मुंजीत लावली होती, ते चार खडे पदराच्या घडीखाली जातील अशी. सायमचा एक ग्रोस मागवलाय. बिलावर ‘काच’ लिहून घेतलंय.