पत्र्याच्या खोलीतली हवा

चौकटीला रबराची पट्टी बसल्यापासून खोलीचं दार खांद्याने रेटूनच लावावं लागतं. मला त्याचाच आनंद आहे. काही दिवसांपूर्वीपर्यंत इथे मोडक्या खुर्च्या आणि रंगाचे डबे होते, आता मांडणीवर दिव्यांच्या उजेडात वाढणाऱ्या रोपांचे ट्रे आहेत.

बघायला येणारा प्रत्येक जण आधी दिव्यांकडे बघतो. माझा जीव मात्र भिंतींत अडकलेला. पत्रा उन्हात तापतो, रात्री झपाट्याने गार पडतो, आणि त्याला थोपवल्याशिवाय आतलं कुठलंच यंत्र पुरं पडत नाही. म्हणून आतून ५० मिलिमीटर जाडीच्या कडक फोमच्या शीट, सांध्यांवर टेप आणि वरच्या पातळ बोर्डाला मॅट पांढरा रंग. चकचकीत फॉइल लावावी असं फार वाटत होतं, पण चुरगळलेल्या फॉइलवरून उजेड कुठे एकवटतो, कुठे पोहोचतच नाही. पांढरा रंग तो सारखा पसरवतो.

एलईडी गार असतात असं म्हणतात. बंद खोलीत २०० वॅटचा दिवा हा जवळजवळ २०० वॅटचा हीटरच असतो, कारण त्या उजेडातला अगदी थोडा भाग रोपं साठवतात आणि बाकीचा शेवटी उष्णताच होतो. म्हणून टायमर उलटा लावलाय: दिवे संध्याकाळी लागतात, सकाळी विझतात. रोपांची रात्र भरदुपारी. त्यांना काही फरक पडत नाही, आणि एसीवर दिव्यांचा आणि उन्हाचा भार एकदम येत नाही.

पण खरं डोकं खाल्लं ते ओलीने. रोपांना घातलेलं जवळजवळ सगळं पाणी पानांतून हवेत जातं. आज वहीत आकडेमोड केली. खोली साधारण १२ घनमीटरची. २५ अंशांवर एका घनमीटर हवेत जेमतेम २३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या खोलीत पाव लिटरच्या जरा वर. आणि मी एका वेळी घालतो दोन लिटर! डीह्युमिडिफायरची टाकी एवढी लवकर का भरते याचं आता नवल वाटत नाही. शिवाय हे यंत्र ओल काढून घेतं आणि बदल्यात गरम हवा सोडतं. ती पुन्हा एसीच्या माथी.

दिवे विझले की आणखी गंमत. २५ अंशांवर ६० टक्के आर्द्रता असलेली हवा २० अंशांवर उतरली, की थेंबभर पाणी न मिसळता ८० टक्क्यांवर जाते. बुरशीला एवढं पुरतं. थंडीत पत्रा १६ अंशांच्याही खाली गेला तर थेट दव. आज पहाटे टॉर्च मारून पाहिलं, तर भिंत कोरडी ठणठणीत, पण बोर्डातून पार पत्र्यापर्यंत गेलेल्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर टपोरा थेंब. धातूतून गारठा आत येतो तो असा. त्या डोक्यांवर फोमच्या चकत्या चिकटवायच्या आहेत.

हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या हायग्रोमीटरवर भरवसा ठेवण्याआधी त्याची परीक्षा घेतली. झाकणात मीठ, ते ओलसर होईल इतपतच पाणी, आणि ते झाकण व हायग्रोमीटर दोन्ही घट्ट डब्यात रात्रभर. आत ७५ टक्के व्हायला हवे होते, याने ७१ दाखवले. डब्यावर चिठ्ठी लावून टाकली: चार मिळवा.

लहान पंखा मात्र चोवीस तास चालू. पानं जराशी हलली पाहिजेत, नाहीतर पानांलगत दमट हवेचा थर साचून राहतो आणि लेट्यूसची आतली कोवळी पानं कडेने करपतात. तिथपर्यंत कॅल्शियम पाण्याबरोबरच जातं, आणि पानातून पाणीच उडालं नाही तर ते पोहोचणार कसं? हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा अधूनमधून काही मिनिटंच लावतो, तोही कार्बन डायऑक्साइडसाठी. दिव्याखाली वाढणारी रोपं बंद खोलीतला तो भराभर संपवतात.

विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच, बसलाय. पाणी आणि वायरी एकाच खोलीत, तिथे काटकसर नाही. उरलंय ते पंख्याच्या वायरीला प्लगच्या खाली झोळ देणं, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात न शिरता झोळावरून खाली ठिबकेल. ते उद्या, चकत्यांबरोबरच.