भाडेकरार नोंदवताना: घरमालकाच्या बाजूने माझा अनुभव

आईच्या नावावरचा फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरलं आणि सगळी कागदपत्रं माझ्याकडे आली. एजंटचं पहिलंच वाक्य होतं, "अकराच महिन्यांचा करार आहे ना, मग नोंदणी कशाला? नोटरी करून टाकू." हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलेलं असतं की खरंच वाटायला लागतं. महाराष्ट्रात ते चालत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पद्धत पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मध्ये अशी कुठलीही पळवाट नाही. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायची परवानगी देणारा करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ही जबाबदारी मालकाची. टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दंडापेक्षा मला त्याच कलमातली पुढची तरतूद महत्त्वाची वाटली. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. एवढं वाचल्यावर नोटरीचा विषय आमच्याकडे संपला.

खर्चाचा बाऊ फार केला जातो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते निघतं पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत करायच्या डिपॉझिटवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर. समजा भाडं २०,००० रुपये, डिपॉझिट एक लाख, मुदत २४ महिने. भाड्याचे ४,८०,००० आणि व्याजाचे २०,००० मिळून पाच लाख. त्यावर शुल्क होतं १,२५० रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. एजंट किंवा घरी येऊन करार करणारे त्यांचे पैसे वेगळे घेतात. ते आधी विचारून घ्या आणि सरकारी पावत्या मागून घ्या. हा खर्च कोणी करायचा तेही बोलून ठेवावं. आम्ही निम्मा निम्मा केला.

नोंदणी व मुद्रांक विभागाची ऑनलाइन सोय असल्याने दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जावं लागलं नाही. मसुदा भरायचा, शुल्क भरायचं, मग दोन्ही पक्षांचा फोटो आणि आधारशी जुळणारा अंगठा. आमचं घोडं इथेच अडलं. आईच्या बोटांच्या रेषा वयाने आणि कामाने झिजलेल्या, मशीन काही केल्या घेईना. ती बिचारी ओशाळून पदराला बोटं पुसत होती, आणि करार करायला आलेला मुलगा मात्र अगदी शांतपणे म्हणाला, "काकू, अंगठाच पाहिजे असं नाही, दुसरं बोट ठेवा." शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटावर हिरवा दिवा लागला. घरात मोठ्या वयाचं कोणी मालक असेल तर आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आधीच अपडेट करून घ्या. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलेलं असेल तर त्या दिवशी ते उघडून ठेवा, नाहीतर सगळे जमतात आणि काम होत नाही.

मसुदा मात्र तयार छापील घेऊ नये. आम्ही भाडेकरू नवरा-बायकोला घरी बोलावलं आणि एकेक अट मोठ्याने वाचली. भिंतीतली गळती, आतली वायरिंग, ड्रेनेज मालकाकडे; बल्ब, नळाचा वॉशर, रोजच्या वापरातली बारीकसारीक दुरुस्ती त्यांच्याकडे. रंगाचं काय? दोन वर्षं माणसं राहिली की भिंती मळतातच, तो झिजेचा खर्च मालकाचा. तोडफोड झाली तर ती वेगळी. हे लिहिलं नाही की डिपॉझिट परत करताना बोलाचाली होते. त्यातल्या बायकोनेच विचारलं, "तुम्ही घर बघायला कधीही येणार का?" प्रश्न रास्त होता. आधी फोन करूनच येऊ, हेही करारात घातलं. घर देताना भाडेकरूला काय भीती वाटते ते ऐकून घेतलं की करार चांगला होतो, हे माझं ठाम मत झालंय.

सगळ्यात जास्त वेळ सामानाच्या यादीवर घालवला आणि तो वसूल झाला. 'पंखे तीन, गिझर एक' एवढ्यावर भागत नाही. आम्ही चौघं खोल्याखोल्यांतून फिरलो आणि आहे तसं लिहिलं: बेडरूमचा पंखा चालू, पण तीन नंबरवर घरघरतो. कपाटाचं खालचं बिजागर सैल. बेसिनला नळाच्या डावीकडे केसासारखी चीर, गळत नाही. विजेच्या मीटरच्या आकड्याचा फोटो. सगळ्याचा व्हिडिओ काढून दोघांकडे ठेवला आणि यादी कराराला परिशिष्ट म्हणून जोडली. ते घर सोडून गेले तेव्हा बेसिनच्या चिरेवरून एक शब्दही झाला नाही, कारण ती कागदावर होती. शेवटचं मीटर रीडिंग घेऊन विजेचे पैसे वजा केले आणि किल्ल्या हातात आल्या त्याच वेळी उरलेलं डिपॉझिट ट्रान्सफर केलं. विजेचं कनेक्शन मालकाच्या नावावर असतं. थकबाकी राहिली तर ती आपल्याच गळ्यात येते, म्हणून हे रीडिंग विसरू नये.

कराराची मुदत संपूनही भाडेकरू निघाला नाही तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशी प्रकरणं ऐकायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. आमच्यावर ती वेळ आली नाही, पण तिथेही हाताशी लेखी करार असेल तरच बाजू भक्कम राहते.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो त्याबद्दलचं शुल्क, म्हणून मेंटेनन्सच्या निम्मी रक्कम सांगितली. राज्य सरकारच्या १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानुसार ही रक्कम मेंटेनन्समधल्या सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नये, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नाहीत. आदेशाची प्रत जोडून साधं पत्र दिलं, नम्रपणे. पुढच्या बिलात रक्कम दुरुस्त होऊन आली. भाडेकरूची माहिती पोलिसांच्या ऑनलाइन फॉर्मवर भरली आणि त्याची पोच कराराच्या प्रतीसोबत सोसायटीला दिली.

मुदत संपत आली आणि तेच भाडेकरू राहणार असतील तर जुन्या करारावर तारीख वाढवून भागत नाही. नवा करार, नवी नोंदणी, पोलिसांकडे पुन्हा माहिती. शेवटचे दोन महिने उरले की हे काम हातात घ्या, म्हणजे भाडेवाढ बोलायलाही सवड मिळते आणि त्यांना दुसरं घर बघायचं असेल तर तेही निवांत बघता येतं.