काकांचं पत्र नको, आई

मागच्या महिन्यात मी एक फोन केला. तो करायला मला तीन दिवस लागले. आमच्या घरी सगळे ज्यांना काका म्हणतात, त्या कार्डिऑलॉजिस्ट मित्राला मला सांगायचं होतं की लेकीच्या मेडिकलच्या अर्जासाठी तुमचं शिफारसपत्र तिला नको आहे.

काका कोण ते आधी सांगते, म्हणजे तीन दिवस का लागले ते कळेल. २००१ च्या जानेवारीत आम्ही दोन बॅगा घेऊन डेट्रॉइटला उतरलो, तेव्हा विमानतळावर घ्यायला काका आले होते. मिशिगनच्या थंडीत घालायचा पहिला कोट मला त्यांच्या बायकोने दिला. लेक तीन वर्षांची असताना तिचा ताप १०४ वर गेला, नवरा गावाला गेलेला, बाहेर बर्फ. त्या रात्री दीड वाजता ते पन्नास मिनिटं गाडी चालवत आले आणि सकाळपर्यंत तिच्या उशाशी बसले. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मुलीने मेडिकलला जाणार असं सांगितलं, त्याच क्षणी ते म्हणाले होते, "वहिनी, लेटरची काळजी करायची नाही. मी आहे."

आणि आता एप्रिलमध्ये लेक म्हणते, "काकांचं पत्र नको, आई."

मी चिडले. कृतघ्नपणा वाटला मला तो. तिने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला आणि एकेका कॉलेजची पानं दाखवायला लागली. इथे डॉक्टर होण्याच्या दोन पदव्या आहेत: एमडी, म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी, आणि डीओ, म्हणजे ऑस्टिओपथिक शाखेची. ती एमडीबरोबर डीओ कॉलेजांनाही अर्ज करते आहे, आणि डीओ कॉलेजांमध्ये डॉक्टरच्या पत्राला फार महत्त्व आहे. प्राध्यापकांची पत्रं लागतातच, पण शिवाय एक पत्र अशा डॉक्टरचं, ज्याच्याबरोबर तुम्ही दवाखान्यात उभं राहून काम पाहिलं आहे. कुठे लिहिलंय डीओचंच हवं, कुठे डीओ किंवा एमडी चालेल पण डीओ असेल तर उत्तम. आणि पुष्कळ ठिकाणी खाली स्पष्ट ओळ आहे: नातेवाइकांची पत्रं ग्राह्य धरली जाणार नाहीत. काही ठिकाणी घरच्या स्नेह्यांचीही नाहीत.

"काका नातेवाईक नाहीत," मी म्हटलं.

"मग कोण आहेत?" ती म्हणाली. यावर मला उत्तर सुचलं नाही. बावीस वर्षं मीच तिला सांगत आले की ते आपले आहेत.

डीओ म्हणजे काय, हे सांगलीहून मला आतापर्यंत निदान दहा जणांनी विचारलं आहे. एका मावशीने तर "म्हणजे होमिओपथीसारखं का गं?" असंही विचारलं. नाही. इंग्लंड-ऑस्ट्रेलियातले ऑस्टिओपथ हाताने उपचार करतात, औषध लिहून देत नाहीत, त्यामुळे हा घोळ होतो. अमेरिकेतला डीओ हा पूर्ण डॉक्टर. पन्नासही राज्यांत औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो, अतिदक्षता विभाग सांभाळतो. अँड्र्यू टेलर स्टिल नावाच्या डॉक्टरने १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिल गावात पहिलं कॉलेज काढलं, तिथून ही शाखा सुरू झाली. एमडीचा अभ्यास तो सगळा, आणि वर हाडं-स्नायू हाताने तपासून उपचार करण्याचे दोनशेच्या वर तास. आमच्या मिशिगनचं तर यात मोठं नाव आहे. सरकारी विद्यापीठातलं पहिलं ऑस्टिओपथिक कॉलेज इथल्या मिशिगन स्टेटचं.

या लोकांनी कमीपणाही पुष्कळ सोसला आहे. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात सुमारे दोन हजार डीओंना ६५ डॉलर भरून एमडी करून टाकलं होतं, म्हणजे शाखाच संपवायची. ती संपली नाही. आज देशातल्या मेडिकलच्या दर चार विद्यार्थ्यांत एकाहून जास्त डीओचा आहे, आणि २०२० पासून रेसिडेन्सीची, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलमधल्या प्रशिक्षणाची, मान्यताही दोघांना एकच. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत, त्यांना कोविड झाला तेव्हा, व्हाइट हाउसचे डॉक्टर डीओ होते, बायडन यांचेही डीओच. हे मी लिहिते आहे कारण "एमडीला नाही मिळालं का?" हा प्रश्न मी या वर्षात फार ऐकला. डीओ कॉलेजांत प्रवेश मिळालेल्यांचे एमकॅट या प्रवेशपरीक्षेतले सरासरी गुण एमडीपेक्षा थोडे कमी असतात, हे खरं आहे. त्यावरून पुढे जाऊन माझ्या मुलीबद्दल जे ठरवलं जातं, ते खरं नाही.

असो. पत्राकडे येते.

काका सोडले तर तिच्यासमोर दोन नावं होती. एक मोठ्या हॉस्पिटलातले सर्जन, एमडी. गेल्या उन्हाळ्यात तिने त्यांच्याबरोबर साठ तास शॅडोइंग केलं. शॅडोइंग म्हणजे डॉक्टरच्या मागे सावलीसारखं राहून नुसतं बघायचं. त्यासाठीसुद्धा टीबीची चाचणी, लशींचे दाखले, रुग्णाची माहिती बाहेर न बोलण्याच्या फॉर्मवर सह्या. दुसरे आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर, मक्याच्या शेतांमधल्या एका छोट्या गावातले फॅमिली डॉक्टर, डीओ. त्यांच्याकडे दर शुक्रवारी चार तास, नऊ आठवडे. छत्तीस तास.

सर्जनना तिने ईमेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं: तूच मसुदा करून पाठव, मी सही करतो.

मला यात काहीच वावगं वाटलं नाही, आणि अजूनही फारसं वाटत नाही. माणूस कामात असतो. माझ्या पहिल्या नोकरीच्या वेळी वर्तणुकीचा दाखला मी स्वतःच टाइप करून नेला होता. "कु. अमुक यांना मी गेली पाच वर्षे व्यक्तिशः ओळखतो. त्यांची वर्तणूक माझ्या माहितीप्रमाणे चांगली आहे." गॅझेटेड अधिकारी वडिलांच्या ओळखीतले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, शिक्का शाईच्या पॅडवर दोनदा दाबला, सही केली आणि विचारलं, "नाव काय म्हणालीस?" पाच वर्षं ओळखत असल्याच्या कागदावर त्यांची सही तोवर वाळलीसुद्धा नव्हती. पण म्हणून तो दाखला खोटा होता का? माझी वर्तणूक चांगलीच होती. वडिलांनी सांगितलं, त्यांनी वडिलांवर विश्वास ठेवला. आपल्याकडे माणसाची खात्री अशी माणसामार्फत पोचते. इथले लोक त्याला सरसकट वशिला म्हणतील. मी नाही म्हणणार.

आणि जिथे खरंच गरज होती, तिथे आपण ओळख पूर्ण बाजूलाही ठेवली, हे कोणी लक्षात घेत नाही. माझा धाकटा भाऊ मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात गेला तो बारावीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजीच्या गुणांवर. कोणाचं पत्र नाही, निबंध नाही, मुलाखत नाही. वडील शाळेत शिपाई असोत नाहीतर शहरातले सर्जन, यादीत नाव गुणांच्या क्रमाने. आताची नीटही ७२० गुणांची, तीच गोष्ट. इथे मात्र ज्याच्या घरी डॉक्टरांचा राबता आहे त्या मुलाला शॅडोइंग एका फोनवर मिळतं, आणि ज्याचं कोणी नाही तो वीस दवाखान्यांना ईमेल करत बसतो. माझ्या लेकीने चौदा केले, तेव्हा हे गावातले डॉक्टर मिळाले. न्याय्य कुठली पद्धत, यावर माझं मत पक्कं आहे.

तिने सर्जनना आभाराचं पत्र पाठवलं आणि त्यांचा नाद सोडला. "मी स्वतःबद्दल लिहिलेलं ते सही करणार, मग ते पत्र माझंच झालं ना," एवढंच म्हणाली.

मग ती डीओ डॉक्टरांकडे गेली. मला वाटलं, ते तरी पटकन हो म्हणतील. ते म्हणाले, "अजून दोन शुक्रवार ये, मग सांगतो." मला रागच आला. छत्तीस तास उभी राहिली पोर, अजून काय बघायचंय? तिला मात्र राग नव्हता. दोन शुक्रवार गेली. शेवटच्या दिवशी दवाखाना बंद झाल्यावर त्यांनी तिला बसवलं आणि विचारलं, "इथे पाहिलेले तीन पेशंट सांग. नावं नकोत. लक्षात का राहिले ते सांग." पाऊण तास चालली ती बैठक. शेवटी म्हणाले, "लिहितो. आणि बुटांबद्दल नक्की लिहितो."

बूट? घरी आल्यावर मी खोदून विचारलं तेव्हा तिने सांगितलं. फेब्रुवारीतला शुक्रवार, बाहेर उणे चौदा. कंबरदुखीचे एक म्हातारे शेतकरी तपासणीच्या टेबलाशी बसलेले, डॉक्टर कॉम्प्युटरवर जुने रिपोर्ट बघत होते. म्हाताऱ्यांना वाकता येईना आणि बुटांच्या नाड्या बर्फाने घट्ट झालेल्या. हिने विचारलं, "मी काढू का?" ते हो म्हणाल्यावर गुडघ्यांवर बसून नाड्या सोडवल्या, बूट काढले आणि भिंतीच्या खालच्या हीटरच्या जाळीपाशी आडवे, तोंड जाळीकडे करून ठेवले. तपासून होईपर्यंत आतून सुकले. तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. डॉक्टरांच्या राहिलं.

हे वाचून माझ्या सासूबाईंना भरून येईल म्हणून मुद्दाम लिहिते. त्या सहा-सहा महिने येऊन राहायच्या, गुडघे गेलेले. हिवाळ्यात फिरून आल्या की दाराशी स्टुलावर बसायच्या आणि दहा वर्षांची ही त्यांचे बूट ओढून काढायची, हीटरच्या जाळीपाशी असेच आडवे ठेवायची. "उभे ठेवलेस तर ओल तळाला राहते," हे आजीचं वाक्य. ते बूट त्या दवाखान्यात आमच्या घरातून गेले आहेत. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

मे महिन्यात ॲकोमास उघडलं. डीओ कॉलेजांचे अर्ज या एका पोर्टलवरून जातात. पत्र अर्जदाराच्या हाती येतच नाही. डॉक्टरांना लिंक जाते, ते लेटरहेडवर लिहून, सही करून परस्पर चढवतात. त्याआधी एका चौकोनात खूण करायची असते की हे पत्र वाचण्याचा हक्क मी सोडते. १९७४ च्या कायद्याने तो हक्क दिलेला आहे, आणि बहुतेक मुलं तो सोडतात, कारण नाही सोडला तर पत्र मोकळेपणाने लिहिलेलं नाही असं कॉलेजांना वाटतं. तिने विचार न करता खूण केली. मी मात्र अजून त्या चौकोनापाशी अडकले आहे. माझ्या मुलीबद्दल एका परक्या माणसाने दीड-दोन पानं लिहिली, अनोळखी लोक ती वाचणार, आणि मी कधीच नाही. मंगळवारी रात्री पत्र पोचल्याची नोंद दिसली. तिने आभाराचं कार्ड लिहून ठेवलंच होतं, ते दुसऱ्या दिवशी टपालात टाकलं.

फोनवर काका एवढंच म्हणाले होते, "बरं वहिनी. तिचं बरोबरच असेल." मग थोडं थांबून टोमॅटोची रोपं लावलीत का ते विचारलं. मला फार वाईट वाटलं होतं.

गेल्या रविवारी ते आले. जेवण झाल्यावर म्हणाले, "पत्र राहू दे, निबंध तरी दाखवशील की नाही?" ॲकोमासवर डॉक्टर का व्हायचंय याचा निबंध असतो, ५,३०० अक्षरांच्या आत, मधल्या मोकळ्या जागा धरून. तिने तो मलाही दाखवला नव्हता. काकांनी चष्मा लावला. पहिल्याच परिच्छेदात ती रात्र होती, बर्फ, दीड वाजता वाजलेली बेल, उशाशी बसलेला डॉक्टर. नाव कुठे नव्हतं. त्यांनी तो परिच्छेद वाचला, परत पहिल्या ओळीवर आले आणि खिशातलं पेन काढलं.

"१०४ नव्हता," ते म्हणाले. "१०३.६ होता. आकडा नीट लिही."